आभाळ उघडल्यावर जपा: मनालीचा वसंत आणि मोबाईलमधला सूर्य

(हा आपल्या पॉडकास्टच्या भागाचा लेखी मजकूर. बोलतानाचे ‘अं’, ‘म्हणजे ना’ तेवढे काढलेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

परीक्षा संपत आल्या की आपल्याकडे एक प्रश्न हमखास येतो. “दादा, एप्रिलमध्ये मनालीला चाललोय. ॲपवर चौदा डिग्री, अर्धा सूर्य, अर्धा ढग. स्वेटर पुरेल का जाकीट घेऊ? आणि बोगद्याच्या पलीकडे बर्फात जाता येईल ना?”

स्वेटर की जाकीट याचं उत्तर सोपं आहे. दोन्ही घ्या, आणि रेनकोटही टाका बॅगेत. दुसऱ्या प्रश्नाला मात्र आजचा अख्खा भाग लागणार आहे. त्या अर्ध्या सूर्यावर भरवसा ठेवून माणसं दरवर्षी बर्फात अडकतात. आणि त्याच दिवसांत तिथल्या बागायतदाराचं वर्षभराचं पीक एका रात्रीत जाऊ शकतं. यातली विचित्र गोष्ट अशी की पाऊस-बर्फ पडत असताना सगळेच सावध असतात. खरी गडबड त्यानंतर होते, आभाळ निळंशार झालं, फोटो झकास येऊ लागले की. ते का, हे समजायला आधी थोडा भूगोल.

एकाच पावसाची तीन रूपं

मनाली बियास नदीच्या खोऱ्यात वरच्या टोकाला आहे. नदी उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहते, आणि दोन्ही बाजूंना उंच डोंगर. खाली भुंतरचं विमानतळ समुद्रसपाटीपासून साधारण १,१०० मीटरवर. तिथून पन्नासेक किलोमीटर वर गेलात की मनाली, साधारण २,०५० मीटर. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे मनालीचा बाजारसुद्धा कळसूबाईच्या माथ्यापेक्षा चारशे मीटर वर. पुढे अटल बोगद्याचं दक्षिणेकडचं तोंड ३,०६० मीटरच्या आसपास, आणि बोगद्याच्या डोक्यावरची रोहतांग खिंड ३,९७८ मीटर.

आता एक साधा हिशोब. दर हजार मीटर चढलं की हवा सरासरी साडेसहा अंशांनी थंड होते. समजा भुंतरला पावसात १३ अंश आहेत. मग मनालीत साधारण ७, बोगद्याच्या तोंडाशी शून्याच्या आसपास आणि रोहतांगला उणे ६. ढग एकच, पाऊस एकच. भुंतरला छत्री, मनालीला कुडकुडणं आणि बोगद्याशी बर्फ. हे सगळं दोन-अडीच तासांच्या ड्रायव्हिंगमध्ये.

आणि हा हिशोबही स्थिर राहत नाही. वरून येणारा बर्फ खाली येताना वितळतो, आणि वितळायला लागणारी उष्णता तो आजूबाजूच्या हवेतूनच ओढून घेतो. पाऊस जोराचा असेल आणि खोरं अरुंद असेल, तर ती हवा बघता बघता शून्याकडे उतरते. थंड वारा वगैरे काही न येता, तासाभरात पावसाचा बर्फ होतो. म्हणून स्थानिक ड्रायव्हर सोलंगच्या रस्त्यावर पाऊस जाड व्हायला लागला की घड्याळाकडे बघायला लागतात. आपण तेव्हा मॅगीची दुसरी प्लेट मागवत असतो.

भूमध्य समुद्राकडून येणारा पाहुणा

हा पाऊस येतो कुठून? आपला मान्सून तिथे जूनच्या शेवटी पोचतो. मार्च-एप्रिलचा पाऊस येतो पश्चिमेकडून. बातम्यांत तुम्ही ‘वेस्टर्न डिस्टर्बन्स’ किंवा ‘पश्चिमी झंझावात’ ऐकलं असेल, तोच हा. भूमध्य समुद्र, कॅस्पियन समुद्र त्या भागात वरच्या हवेत खळगा तयार होतो. तो जेट स्ट्रीमच्या, म्हणजे खूप उंचावरच्या वेगवान वाऱ्याच्या पट्ट्यावर बसून इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान करत हिमालयाला येऊन धडकतो. वाटेत जमेल तिथून ओलावा घेतो, अरबी समुद्रातूनसुद्धा. हिमालय आडवा आला की हवेला वर चढावं लागतं, वर चढली की थंड होते, आणि ओलावा खाली पडतो.

जानेवारीतला झंझावात आणि एप्रिलमधला झंझावात यांचा स्वभाव वेगळा. जानेवारीत सगळा मुलूख गारठलेला असतो. आभाळ एकसारखं करडं होतं आणि दिवसभर, कधी दोन-दोन दिवस, शांतपणे बर्फ पडतो. मार्चनंतर जमीन तापलेली असते. खाली गरम, वर तोच थंड खळगा. हवा उसळून वर जाते, उंच ढग तयार होतात आणि मग गडगडाट, सोसाट्याचा वारा, गारा. गारांना खाली येताना वितळायला पुरेशी उबदार हवा लागते. मनालीची जमीनच दोन हजार मीटरवर, त्यामुळे गार वितळायच्या आत झाडावर आदळते.

आपल्याकडचा संबंध सांगायचा तर, मराठवाडा-विदर्भात फेब्रुवारी-मार्चमध्ये जी अवकाळी गारपीट होते, तिच्यामागेही बरेचदा उत्तरेकडच्या अशाच खळग्याचा हात असतो. त्याची थंड हवा वर आणि समुद्राकडून येणारी दमट हवा खाली, अशी गाठ पडली की गहू, हरभरा, द्राक्षं सगळं आडवं. २०१४ सालची फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट आठवत नसेल तर घरी विचारा. नातेवाइकांत कुणी शेतकरी असेल तर त्यांना नक्की आठवत असेल.

थोडक्यात, खोऱ्यावर एक मोठं घड्याळ चालतं, झंझावातांचं. एक येतो, दोन-तीन दिवस राहतो, जातो, काही दिवसांनी पुढचा. याचा अंदाज हवामान खातं चार-पाच दिवस आधी बऱ्यापैकी नीट देतं. माझं मत विचाराल तर इथे अंदाज क्वचितच फसतो. आपण तो वाचतच नाही, ही खरी अडचण.

दुसरं घड्याळ, खोऱ्याचं स्वतःचं

झंझावात नसला तरी खोरं रोज आपला कार्यक्रम चालवतं. पहाटे डोंगरावरची थंड, जड हवा उतारावरून खाली येते, म्हणून सकाळी वारा वरून खाली. ऊन आलं की उतार तापतात, त्यांच्यालगतची हवा हलकी होऊन वर चढायला लागते. दहा-अकराला दिशा उलटते. दुपारी खालून वर, खोऱ्याच्या तोंडाकडून शेंड्याकडे वारा वाहतो, कड्यांवर पांढरे ढग फुगतात. दोन ते पाचच्या दरम्यान त्यातला एखादा गडगडतो. अंधार पडला की ढग विरतात आणि आठ वाजता आभाळभर चांदण्या.

म्हणजे एकाच दिवसात सकाळी गॉगल, दुपारी गारा, रात्री चांदणं. याला तुम्ही ‘हवामान बिघडलं’ म्हणू नका, तिथला तो नेहमीचा दिवस आहे. भुंतरला येणारी विमानंही बहुतेक सकाळची असतात, त्यामागे ही दुपारची हवा हे मोठं कारण.

खोरं उत्तर-दक्षिण असल्याने आणखी एक मजा होते. मनाली गाव नदीच्या पश्चिम काठावर. या बाजूचे उतार पूर्वेकडे तोंड करून, त्यांना सकाळचं ऊन आधी मिळतं. समोरचं वशिष्ठ, खालचं नग्गर पूर्व काठावर, ते दुपारचं ऊन खातात. हे लक्षात ठेवा, पुढे हिमस्खलनाच्या वेळी लागणार आहे.

ॲपला खोरं दिसतच नाही

आता त्या अर्ध्या सूर्याकडे येऊ. मोबाईलमधली बहुतेक ॲप्स जगभराच्या मॉडेलवरून आकडे उचलतात. मॉडेल म्हणजे पृथ्वीवर टाकलेली चौकटींची जाळी. युरोपच्या नावाजलेल्या मॉडेलची चौकट साधारण ९ किलोमीटरची. आपल्या हवामान खात्याने मे २०२५ मध्ये सुरू केलेल्या ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’ची ६ किलोमीटरची, आणि जगभराच्या मॉडेलसाठी हे खूप बारीक आहे. पण मनालीजवळ खोऱ्याचा तळ एक-दोन किलोमीटर रुंद. सहा किलोमीटरच्या चौकटीत नदी, बाजार, देवदाराचं जंगल आणि वरचा बर्फाळ कडा सगळं एकत्र येतं, आणि मॉडेल त्यांची एकच सरासरी उंची धरतं. ॲप मग त्यात थोडी दुरुस्ती करतं आणि तुम्हाला ‘मनाली १४°’ असा एक आकडा देतं. कुणाची चूक नाही, पण तो आकडा नेमका कुठल्याच जागेचा नसतो.

मग रडार? हिमाचलमध्ये कुफरी, जोत आणि मुरारी देवी इथे डॉप्लर रडार आहेत. ते उपयोगी आहेतच. पण रडारचा किरण सरळ रेषेत जातो, डोंगर आडवा आला की त्याच्या मागची दरी आंधळी राहते.

एक आकडा तर फारच फसवा, रात्रीचं किमान तापमान. हवामान केंद्रातला थर्मामीटर जमिनीपासून माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर, पेटीत असतो. निरभ्र, शांत रात्री जमिनीलगतची हवा त्याहून कितीतरी थंड असते. ॲपवर ३ अंश, आणि बाहेर गाडीच्या काचेवर, गवतावर पांढरा थर.

निरभ्र रात्र आणि सफरचंदाचा मोहोर

कोकणात आंब्याच्या मोहोरावर धुकं पडलं की आजोबांचा चेहरा कसा होतो, ते ज्यांनी पाहिलंय त्यांना हा भाग पटकन कळेल.

कुल्लूच्या खोऱ्यात सफरचंदाचं झाड थंडीत झोपतं. जुन्या डिलिशस जातींना हिवाळ्यात सात अंशांखालचे हजारभर तास लागतात. तेवढी थंडी मिळाली की झाडाचं झोपेचं खातं पूर्ण होतं, आणि मग ऊब आली की कळ्या फुटतात. खालच्या बागा मार्चच्या शेवटाकडे, मनालीकडच्या एप्रिलच्या मध्याला फुलतात. फुलं आठ-दहा दिवस असतात. वर्षाची कमाई त्या आठ-दहा दिवसांत ठरते.

या दिवसांत झंझावात आला की पहिला फटका मधमाश्यांना. तापमान बारा-तेरा अंशांच्या खाली असलं की मधमाशी पेटीतून बाहेर पडायला नाखूश. पाऊस असला तर नाहीच. बागायतदार त्या आठवड्यासाठी मधमाश्यांच्या पेट्या भाड्याने आणतात. पेटीचं भाडं चालू, आत माश्या बसलेल्या, बाहेर फुलं वाट बघतायत.

दुसरा फटका झंझावात गेल्यानंतरचा. तो जाताना मागे वायव्येकडची कोरडी, थंड हवा सोडून जातो. आभाळ धुतल्यासारखं. दिवसा सगळे खूष. पण ढग हे रात्री जमिनीवर घातलेलं पांघरूण असतं. पांघरूण काढलं की जमीन आपली उष्णता सरळ अवकाशात सोडते. तिच्यालगतची हवा गार होते, जड होते आणि पाण्यासारखी उतारावरून ओघळत तळाशी साचते. वारा नसेल तर तिथेच थांबते. त्यामुळे अशा रात्री खोऱ्याच्या तळातली, नदीकाठची बाग सर्वात थंड असते, आणि तिच्यापेक्षा शंभर-दोनशे मीटर वरची, उतारावरची बाग दोन-चार अंशांनी उबदार. उंचावर थंडी जास्त, हा मघाचा हिशोब अशा रात्री खालच्या काही शे मीटरमध्ये चक्क उलटा होतो.

पूर्ण उमललेल्या सफरचंदाच्या फुलांना अर्धा तास उणे २ अंशांच्या आसपास ठेवलं तर दहात एखादं मरतं. उणे ४ च्या जवळ गेलं की दहातली नऊ. दोन अंशांचा फरक, आणि तो पहाटे चार ते सहामध्ये ठरतो. मेलेलं फूल बाहेरून छान पांढरं दिसतं. चिरून बघितलं तर मधला भाग काळा पडलेला असतो.

उपाय काय करतात? काही जण बागेत ओलं गवत, पालापाचोळा पेटवून धूर करतात. धुराचा उपयोग लोकांना वाटतो त्यापेक्षा कमी, त्याखालच्या आगीचा थोडा जास्त. पाण्याचे फवारे चालवणं हा डोकेबाज उपाय आहे. पाणी गोठताना ग्रॅममागे ८० कॅलरी उष्णता सोडतं, त्यामुळे बर्फाच्या कवचातलं फूल शून्याच्या आसपासच राहतं, खाली जात नाही. पण फवारा मध्येच बंद पडला, लाईट गेली, तर बाष्पीभवनाने फूल आणखी गार होतं. गारांसाठी झाडांवर जाळ्या लावतात, त्या महाग पडतात आणि वेळी-अवेळी पडलेल्या जड बर्फाने फाटतात. फेब्रुवारी उबदार गेला की कळ्या लवकर फुटतात आणि अशा रात्रींच्या तावडीत जास्त सापडतात. सफरचंदाच्या बागा हळूहळू वर, लाहौलकडे, सरकतायत त्याचं हेही एक कारण.

म्हणून एप्रिलमध्ये तुम्ही हॉटेलच्या गच्चीवर चांदण्यांचं टाइमलॅप्स लावता, तेव्हा खाली नदीकाठी कुणीतरी टॉर्च घेऊन थर्मामीटर बघत असतं.

निरभ्र सकाळ आणि सरकणारा बर्फ

आता तुमचा प्रश्न. झंझावाताने वर अर्धा-एक मीटर नवा बर्फ टाकला. सकाळी लख्ख ऊन. सगळं मनाली बोगद्याकडे निघालं.

नवा बर्फ जुन्या, टणक झालेल्या बर्फावर बसलेला असतो. दोघांची पकड अजून जमलेली नसते. वसंतातलं ऊन कडक, ते वरचा थर वितळवतं. पाणी झिरपून दोन थरांच्या मध्ये जातं आणि पकड आणखी सुटते. उतार ३० ते ४५ अंशांचा असेल तर सगळा थर एकदम खाली येतो. ओला बर्फ भुसभुशीत दिसतो, पण ओल्या सिमेंटसारखा जड असतो. आणि तो उन्हाचं वेळापत्रक पाळतो. सकाळी पूर्वेकडे तोंड केलेले उतार आधी, दुपारी पश्चिमेकडे तोंड केलेले. म्हणजे ‘सकाळी काही झालं नाही’ यावरून दुपारबद्दल काहीच कळत नाही.

अटल बोगदा ३ ऑक्टोबर २०२० ला सुरू झाला. ९.०२ किलोमीटर लांब, मनाली-लेह रस्ता ४६ किलोमीटरने कमी झाला. लाहौलच्या लोकांसाठी तो आयुष्य बदलणारा आहे, हिवाळ्यात आजारी माणूस खाली आणता येतो. पण पर्यटकांसाठी त्याने एक नवी अडचण तयार केली. पूर्वी रोहतांग बंद म्हणजे विषय बंद. आता दहा-पंधरा मिनिटांत आपण डोंगराच्या पोटातून दुसऱ्याच खोऱ्यात, चंद्रा नदीच्या खोऱ्यात निघतो. तिथली हवा वेगळी. अलीकडे ऊन, पलीकडे बर्फवृष्टी, हे सहज होतं. बोगद्याच्या आत हिमस्खलन येत नाही, बोगद्यापर्यंतच्या रस्त्यावर येतं. त्या रस्त्यावर काही ठिकाणी छत असलेल्या गॅलऱ्या बांधल्यात, त्या उगाच नाहीत.

धोका किती खरा आहे ते एका तारखेवरून बघा. २८ फेब्रुवारी २०२५. हिवाळा संपता संपता आलेल्या झंझावाताने कुल्लूत जोराचा पाऊस झाला, नाले फुगले आणि रस्त्याकडेच्या गाड्या मलब्याखाली गेल्या. त्याच दिवशी उत्तराखंडात माणा गावाजवळ सीमा रस्ते संघटनेच्या कामगारांच्या छावणीवर हिमस्खलन आलं. ५४ जण सापडले, त्यातले ८ गेले. डोंगराची माहिती असलेली, तिथेच काम करणारी माणसं होती ती.

तर मग जायचं कसं

जायचंच. एप्रिलमधलं ते खोरं फार सुंदर असतं, घरातला लोखंडी तंदूर अजून पेटलेला आणि अंगणात झाडं पांढरी-गुलाबी. फक्त बघायच्या गोष्टी बदला.

ॲपवरचं चित्र सोडा, हवामान खात्याच्या शिमला केंद्राचं बुलेटिन बघा. त्यात जिल्ह्याप्रमाणे यलो, ऑरेंज, रेड असे इशारे असतात. कुल्लू आणि लाहौल-स्पीती हे दोन्ही जिल्हे बघा, कारण बोगदा ओलांडला की जिल्हा बदलतो. हिमस्खलनाचा इशारा वेगळा असतो, तो डीआरडीओची डीजीआरई ही संस्था देते. तिच्यात विलीन झालेली जुनी ‘सासे’ ही संस्था मूळची मनालीचीच. त्या इशाऱ्यात उंची दिलेली असते, अमुक मीटरच्या वर धोका असा. वर दिलेल्या उंच्या त्यासाठीच सांगितल्या, फोनमध्ये टिपून ठेवा.

बर्फ थांबल्याच्या पहिल्या दिवशी वर जाऊ नका. तो दिवस नग्गरला घालवा, जुनं लाकूड-दगडाचं बांधकाम बघा, खालच्या बागांत फिरा. किमान चोवीस तास, बर्फ जास्त पडला असेल तर दोन दिवस. म्हणजेच तिकिटं काढतानाच एक रिकामा दिवस धरा. चार दिवसांत सात पॉईंट असं पॅकेज असेल तर ते डोंगराच्या वेळापत्रकात बसत नाही, ते विकणारा काहीही सांगू दे.

वर जायचं त्या दिवशी पहाटे निघा आणि दुपारी एकच्या आत खाली या. बर्फ भरलेल्या उताराखाली गाडी थांबवून फोटो नको, नाल्यावर साचलेल्या बर्फाच्या पुलावर तर अजिबात पाय नको, खालून पाण्याने तो पोखरलेला असतो. पोलिसांनी नेहरू कुंडला किंवा सोलंगला गाडी अडवून फक्त फोर बाय फोर पुढे सोडली, तर वाद घालू नका. संध्याकाळी चारनंतर ओला रस्ता गोठायला लागतो आणि आपल्या पुण्या-मुंबईच्या टायरना ती भाषा कळत नाही.

आणि आभाळाकडे बघायची सवय लावा. उंचावर केसांसारखे पातळ पांढरे ढग पश्चिमेकडून सरकतायत, चंद्राभोवती खळं आहे, आणि रात्र कालच्यापेक्षा चक्क उबदार वाटतेय, तर पुढचा पाहुणा बहुधा एक-दोन दिवसांवर आहे. त्या रात्री होमस्टेच्या काकांना विचारा, उद्या वर जाऊ का. ते आधी डोंगराकडे बघतील, मग उत्तर देतील.

एवढंच आज. ऑडिओ वरच्या प्लेअरमध्ये आहे. तुमच्यापैकी कुणी कुल्लू-मनालीला काम करत असेल, ट्रेकचं, हॉटेलचं, कशाचंही, तर व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात लावू.